खालच्या गल्लीतली लिंबं

करजखेडात कोणाच्या घरी आज काय शिजणार, हे त्या घरच्या सुनेच्या आधी पार्बताबाईला ठाऊक असायचं. यात जादूटोणा काही नव्हता. तीस वर्षं ती गावात भाजी विकत होती, आधी डोक्यावर टोपलं घेऊन आणि गुडघे कुरकुरायला लागल्यापासून हातगाडीवर. मोर्शीहून एसटीनं अर्ध्या तासावरचं हे गाव, भोवती संत्र्याचे बगीचे, आणि गावाबाहेर विहिरीच्या काठी पार्बताबाईचा एकराचा मळा. पहाटे भाजी काढायची, आठाला वरच्या गल्लीतून सुरुवात करायची, दहाला खालच्या गल्लीत संपवायचं. ही वाट तिनं पोरगा झाला तेव्हाही बारा दिवसांच्या वर सोडली नव्हती.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. कोणत्या दारात काय लागतं, ते सगळं तिच्या डोक्यात होतं. अमक्याकडे वांगी चालत नाहीत, तमक्याची सून गरोदर आहे म्हणून चिंचा मागते, मास्तरांच्या घरी पाहुणे आलेत म्हणून बटाटे दुप्पट. गावातल्या दोनतीन भानगडी तर तिला नुसत्या भाजीवरून कळल्या होत्या. पण ते ज्ञान तिनं गाडीखालच्या पोत्यासारखं झाकून ठेवलं. भाजीवाल्या बाईनं तोंड सैल सोडलं तर दारं बंद होतात, हे ती जाणून होती.

दारं बंद होण्याचा अनुभव तिनं एकदा घेतला होता. तीन वर्षांमागे कोणीतरी उठवलं की पार्बताबाई मेथी नालीच्या पाण्यात धुते. धुवायची ती विहिरीच्या हौदात, पण सांगणार कोणाला? दोन महिने तिची गाडी भरलेली जायची आणि भरलेली यायची. त्या दोन महिन्यांत खालच्या गल्लीतलं एकच दार उघडं राहिलं, दुर्गाबाईचं. दोघीही वरूडकडच्या एकाच गावच्या लेकी, एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन इथं आलेल्या. दुर्गाबाई रोज दारात येऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "पारबते, मेथी दे व!" रोज मेथी. शेवटी तिचा नवरा खुशालराव वैतागला. "दुर्गे, आता मले खुट्यालेच बांध, बकरीसारखा," असं म्हणाला आणि तरी मुकाट्यानं मेथी खात राहिला. हे खुशालराव गेल्या चैत्रात अचानक गेले.

आता गेल्या पोळ्याची गोष्ट.

पोळा म्हणजे वऱ्हाडात दिवाळीपेक्षा काकणभर जास्तच. बैल सजतात, गावच्या तोरणाखाली उभे राहतात, घरोघरी पुरणपोळी होते आणि दुसऱ्या दिवशी, करीला, मटण. माणसं दोन दिवस अशी जेवतात की तिसऱ्या दिवशी जेवणाचं नाव नको. त्यामुळे करीच्या सकाळी खालच्या गल्लीत एरवी पाच-सहा लिंबं जायची तिथं वीस गेली, तेव्हा पार्बताबाईला नवल वाटलं नाही. मटणावर लिंबू लागतंच. शिवाय दोघीतिघी पोट धरून बाहेर आल्या आणि हसत म्हणाल्या, "पुरन बादलं व मावशी. लिंबूपानी घेतो."

दुसऱ्या दिवशी तिनं चाळीस लिंबं नेली. अर्धी गल्ली व्हायच्या आत टोपली रिकामी. खरं सांगायचं तर बाई खूश झाली. आपल्या बांधावरची दोन झाडं यंदा कामी आली म्हणून तिनं घरी येऊन झाडांना पाणीसुद्धा घातलं. तिच्या त्या आनंदाला कोणी नावं ठेवू नयेत, कारण आजारी माणसंच आपल्या आजाराला हसण्यावारी नेत होती. पुरण, वर करीचं मटण, पोट बिघडणारच! यासाठी दवाखान्यात कोण जातं? जाऊन सांगायचं काय, जास्त खाल्लं म्हणून? गल्लीतल्या बाया एकमेकींना ओवा चावायला देत होत्या आणि पोरांना रागे भरत होत्या, "खाय आनखी, खाय!"

तिसऱ्या दिवशी दुर्गाबाईच्या दाराशी गाडी थांबली. दुर्गाबाई बाहेर आली नाही. पार्बताबाईनं दोनदा हाक मारली, मग आत डोकावली. दुर्गाबाई भिंतीला टेकून बसली होती. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे, आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"लिंबू असंन तर दे एखांदं. रातीपासून पोट चालूनच राह्यलं."

"तुले बी पुरन बादलं का?" पार्बताबाईनं सवयीनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिची जीभ अडखळली.

"कोठचं पुरन व?" दुर्गाबाई म्हणाली. "यंदा आमच्या घरी सन हाय का?"

खुशालरावांना जाऊन वर्ष झालं नव्हतं. त्या घरात यंदा पोळ्याला कढई चढली नव्हती आणि शेजारच्यांचं ताटही दुर्गाबाईनं हात जोडून परत पाठवलं होतं. दोन्ही दिवस तिनं भाकर आणि तुरीचं वरण खाल्लं होतं. मग बाधलं काय?

पार्बताबाईनं लिंबू पिळून मीठ-साखरेचं पाणी तिला पाजलं. बाहेर येऊन गल्लीकडे पाहिलं तर ओट्यावर पोरं नव्हती. दहा वाजता एवढी शांत गल्ली तिनं कधी पाहिली नव्हती.

घरी आली आणि तिनं किशोरला, आपल्या मुलाला, सगळं सांगितलं. किशोर तिशीला टेकलेला, मळा तोच बघायचा आणि गावच्या पोळा मंडळाचा म्होरक्याही होता.

"उपकेंद्राच्या दवाखान्यात जाऊन सांगतो म्हनलं," पार्बताबाई म्हणाली.

"तुले काहाले पंचाईत?" किशोर हातातला घास ठेवून म्हणाला. "साथ हाय म्हनशीन, अन् लोकं पैले काय म्हनतीन? भाजीतून आली म्हनतीन. तीन सालाआंधीचं विसरली का तू? सिस्टर हाय ना, आशाताई हाय ना, त्याईचं काम त्या करतीन."

बोलणं खोटं नव्हतं. पार्बताबाई ओसरीवर येऊन बसली. आपण सांगितलं तर पहिलं बोट आपल्याच टोपलीकडे जाणार, हे तिला दिसत होतं. तिनं गवार निवडायला घेतली. पण काही केल्या निवडता येईना. सारखी ती भिंतीला टेकलेली दुर्गाबाई दिसायची आणि कानात तो जुना आवाज यायचा, पारबते, मेथी दे व. असे चार-पाच तास गेले. तीन वाजता तिनं गवार तशीच टाकली, टोपलीत उरलेली लिंबं पदरात बांधली आणि उपकेंद्राची वाट धरली.

साधना सिस्टर आठवड्याचा अहवाल भरत बसली होती. वागायला कडक पण मनाची चांगली बाई. जुलाब-उलटीच्या रकान्यात तिनं 'निरंक' लिहिलं होतं, कारण पोळ्यापासून त्या तक्रारीचा एकही माणूस उपकेंद्राची पायरी चढला नव्हता. आशाताईलाही घरोघर एकच उत्तर मिळालं होतं, पुरण बाधलं.

"मावशी, सणाचं खाणं आहे ते. दोन दिवसांत बसेल," साधना म्हणाली.

पार्बताबाई वाद घालत बसली नाही. तिनं पदर सोडला आणि टेबलावर एकेक लिंबू मांडायला सुरुवात केली. "हे लोहाराचं घर. एरवी आठवड्याले एक लिंबू नेते, तीन दिवसांत सात नेले. हे मास्तराचं, त्याईच्या घरी लिंबू चालतच नाई, काल दोन नेले. हे त्याच्या बाजूचं..." असं करत तिनं एकोणीस घरं मांडली. खालच्या गल्लीत घरं सव्वीस. "अन् वरच्या गल्लीत पुरन नाई शिजलं का? तेथी लिंबं रोजच्याएवढेच." मग शेवटचं लिंबू तिनं सगळ्यांपासून दूर ठेवलं. "हे दुर्गाबाईचं. या घरी पुरनच शिजलं नाई, सिस्टर."

साधनानं ती लिंबं बोटानं मोजली. मग तिनं पेन उचललं, 'निरंक'वर आडवी रेघ ओढली आणि फोन लावला.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. सरकारी काम इतक्या लवकर हलताना करजखेडनं आजवर पाहिलं नव्हतं. तासाभरात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडम गाडी घेऊन आल्या. शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून सलाईनं लागली. आशाताई घरोघर ओआरएसची पाकिटं वाटत फिरली. दुर्गाबाईची नाडी बघून डॉक्टर मॅडमनी तिला थेट अँब्युलन्समध्ये घातलं. "लघवी बंद झालीये यांची. अजून पाच-सहा तास गेले असते तर अवघड होतं," त्या म्हणाल्या. ते ऐकून पार्बताबाईनं मान खाली घातली. ते तास कुठं गेले होते ते तिला एकटीला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या नळाचं पाणी तपासलं. दोष पाण्यातच होता. टँकर बोलावला, नळ बंद केला. आता पाइप फुटला कुठं ते शोधायचं, तर पाइप गेलेला सिमेंटच्या रस्त्याखालून नालीच्या कडेकडेनं. ग्रामपंचायतीचा माणूस म्हणाला, रस्ता फोडत जावं लागेल, दोन दिवस तरी लागतील. सारी गल्ली तिथं गोळा झाली होती. गर्दीतून कोणीतरी बोललंच, "पानी-बिनी काई नाई, भाजी पाहा पैले. नालीतच धुतेत."

साधना सिस्टर त्याच्यावर उखडली. पार्बताबाईचं मात्र त्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ती किशोरकडे पाहत होती. किशोर तोरणाच्या खांबाजवळ उभा होता, नजर खांबाच्या बुडाशी. खांब नवे होते. मंडळानं यंदा तोरणासाठी लोखंडी खांब आणले होते आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी सबलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, खड्डे करून ते रोवले होते, खालच्या गल्लीच्या तोंडाशी, नालीला लागून. त्या दुपारी किशोर चिखलानं भरून घरी आला होता आणि कोठ्यातला सायकलचा जुना टूप मागून घेऊन गेला होता. तो तिनंच काढून दिला होता.

तो टूप कशाला बांधला गेला असणार, ते पार्बताबाईला कळलं. गप्प राहिली तर दोन दिवसांनी पाइप सापडणारच होता आणि टूप कोणी बांधला हे कोणालाच कळलं नसतं. पण ती कालच एकदा गप्प बसली होती.

"किशोर," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "तो टूप काहाले नेला होता रे?"

किशोरनं आईकडे पाहिलं, मग खाली.

"पाइपाले सबल लागली होती," तो म्हणाला. "बांधला म्या टूप. थेंब गळत नव्हता, माय. मले वाटलं झालं काम. पानी येऊन राह्यलं होतं ना सगळ्याईले."

सांगणं खरं होतं. नळ चालू असताना थेंब गळत नव्हता. पण नळ बंद झाला की रिकामा पाइप तोंडानं ओढावं तसं नालीचं पाणी आत ओढत होता, हे त्याला कोण सांगणार? खांबाशेजारी खणलं आणि तासाभरात जागा सापडली. पाइपावर टूप छान घट्ट बांधलेला होता, किशोरच्या हातचं सगळंच काम नेटकं असतं तसा. किशोरनं खड्ड्यातला चिखल स्वतः उपसला. त्याला कोणी हातभार लावला नाही.

पुढच्या आठवड्यात गल्लीत एकही नवा आजारी निघाला नाही. कोणी दगावलं नाही, म्हणून जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी साधनाचं कौतुक केलं, चौथ्या दिवशी साथ आटोक्यात आणणं म्हणजे फार लवकर झालं म्हणाले. साधनानं बाजूला उभ्या पार्बताबाईकडे बोट केलं. "लवकर कायचं, साहेब," पार्बताबाई म्हणाली, "लिंबं तं पैल्याच दिवशी खपले होते." तेव्हापासून साधना दहाच्या सुमारास खालच्या गल्लीच्या कोपऱ्यावर उभी राहते आणि भाजी घ्यायच्या निमित्तानं टोपलीत किती लिंबं उरली ते पाहते.

पण गल्लीनं मन मोकळं केलं नाही. किशोरशी कोणी बोलेना आणि गाडी आली की बाया आत जाऊ लागल्या. कोणी भांडलं नाही, नुसती दारं लोटली. पार्बताबाईनं तक्रार केली नाही. रोजच्या वेळेला गाडी आणायची, हाक द्यायची, आणि पुढे जायचं. या वेळी गल्लीचं चुकत नाही, हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागत होतं.

आठव्या दिवशी दुर्गाबाई अमरावतीच्या दवाखान्यातून परत आली. पार्बताबाईची गाडी तिच्या दाराशी आली तेव्हा तिचा पाय पुढे होईना. काय तोंडानं हाक मारायची? तेवढ्यात दार उघडलं. दुर्गाबाई चौकट धरून उभी होती, निम्मी झालेली.

"लिंबू देऊ का?" पार्बताबाई कशीबशी म्हणाली.

"लिंबाचं नाव काढू नको माह्यासमोर!" दुर्गाबाईनं होता नव्हता तेवढा जोर करून आवाज चढवला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "मेथी दे व पारबते. चार जुड्या दे." आणि दम घेऊन तितक्याच मोठ्यानं म्हणाली, "अन् सांजच्याले किशोरले धाड. माह्या हातात जोर नाई. तो निवडून देईन, अन् एथंच जेवंन."

पार्बताबाईनं जुड्या काढल्या. तिला काही दिसत नव्हतं, त्यामुळे चारच्या पाच गेल्या.