मार फक्त तुला

खारघरच्या त्या दुकानात रविवारी टेबलं मांडून योद्ध्यांच्या पत्त्यांची लढाई खेळतात; तिथे चहा देणाऱ्या मावशी नसत्या, तर मी ते पत्ते केव्हाच टाकून दिले असते. आठवीत शाळा सुटलेली, घर लांब लातूरकडे, आणि पत्त्यांवरचं सगळं इंग्रजीत. कॉलेजातला एक जण दर रविवारी माझ्याशी खेळायचा. त्याच्या पत्त्यावरच्या योद्ध्याने हल्ला केला, मी तेवढ्याच ताकदीचा पत्ता आडवा घातला, की म्हणायचा, "हल्ला माझा, मार फक्त तुला." माझा पत्ता बाद, त्याचा तसाच उभा. मी मान डोलवायचो. वाद घातला तर पुन्हा टेबलावर घेणार नाहीत, ही धास्ती.

एका रविवारी मावशींनी कप दाणकन ठेवला. "ए शान्या, बाकी सगल्यांशी खेलताना दोगांचे पन मरतान, याचा एकट्याचाच कसा मरतो रं?"

तो हसला. "मस्करी केली, मावशी."

पाच महिने मस्करी! अजून आठवलं की कानशिलं तापतात. स्वतःच्या डोलणाऱ्या मानेचाही तितकाच राग येतो. त्या दिवशी मी म्हणालो, "तुझाही उचल." त्याने उचलला.

मावशी स्वतः कधी खेळल्या नाहीत. एक दिवस त्यांना खुर्चीवर बसवीन, चहा मी आणीन, पत्ते त्यांच्या हातात देईन, आणि पहिला हल्ला त्यांचा.