गिरजामायचं सामान

गिरजामायशी भांडायला गेलेल्या माणसाला आधी चहा प्यावा लागे. भांडण त्यानंतर. हा तिचा नियम माझ्या वडिलांनाही चुकला नाही. आमच्या किराणा दुकानाच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी तिच्या झोपडीवर पडायचं, आणि तिच्या भाजीचा सडका पाला आमच्या गोदामाच्या भिंतीशी कुजायचा. एवढ्या दोन कारणांवर दोन्ही घरांनी वर्षानुवर्षं वैर चालवलं. वडील तावातावाने तिच्या दाराशी जात. ती गोणपाट अंथरी, पाणी देई, मग चहा. कप रिकामा झाला की तो विसळून पालथा घाली, पदर खोचे आणि म्हणे, "हं, बोला आता. काऊन आले होते?" चहा पोटात गेल्यावर माणसाला नीट भांडता येत नाही. वडील हरून परत येत आणि तो राग आमच्यावर काढत.

मला ती आवडत नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. माझं लग्न झालं, मुलं कॉलेजात गेली, तरी गिऱ्हाइकांसमोर ती मला "दिगांबऱ्या" म्हणूनच हाक मारी. साखर घेताना तराजूच्या पारड्याखाली हात घालून पाही, की मी खाली काही चिकटवलं तर नाही. गल्लीत तिचं कोणाशी धड नव्हतं. नळावर तिची घागर आधी लागली नाही तर त्या दिवशी कोणाचीच घागर सुखाने भरत नसे.

ती मूळची वांकिडीकडची. नवरा गेला, दिरांनी शेत आपल्याकडे ठेवलं आणि म्हातारी आई हिच्या पदरात टाकली. सासूला घेऊन ती आमच्या गावात आली, कापसाचं जिनिंग चालवणाऱ्या एका शेटच्या मोकळ्या प्लॉटवर तिने झोपडी घातली आणि बाजारात भाजी विकू लागली. पुढे सासूचे पाय गेले. ती खाटेवरच असे आणि गिरजामाय तिला बुडी म्हणे. सकाळी दाराशी बसून ती बुडीची वेणी घाली. वेणी घालताना दोघी एकमेकींच्या माहेरचा उद्धार करत. केस मात्र इतक्या हलक्या हाताने विंचरी की बुडी शिव्या देता देता पेंगायला लागे.

आमच्या तेलुगू मुलखाचं नवं राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते. नगरपालिका गरिबांना दोन खोल्यांची पक्की घरं देणार, अशी हाकाटी झाली आणि कचेरीसमोर रांगा लागल्या. त्याच सुमाराला शेटने गिरजामायला सांगितलं की प्लॉटवर गोदाम बांधायचं आहे, झोपडी काढ. ती दुकानात आली आणि दोन गिऱ्हाइकांना कोपराने बाजूला सारून म्हणाली, "दिगांबऱ्या, तुले तेलगू येते न? मंग लिव्ह."

कचेरीत सगळं तेलुगूत चाले आणि शाळेत तेलुगू शिकलेला गल्लीतला मीच, त्यामुळे निम्म्या मराठी घरांच्या दरखास्ती मीच लिहिल्या होत्या. लोक लिहून झाल्यावर हात जोडत. ही बाई मी तिचा गडी असल्यासारखी समोर उभी राहिली. उत्पन्नाच्या रकान्यापाशी आलो आणि आमची जुंपली. तिने आकडा वाढवून सांगितला. मी म्हटलं, माय, जास्त सांगितलं तर घर मिळत नाही, कमी सांग. तिला ते मुळीच पटेना. भर बाजारात राबणारी बाई आपण कमी कमावतो असं कागदावर का लिहून देईल, असा तिचा सवाल होता. शेवटी मी मला हवं तेच लिहिलं आणि तिला हवं ते लिहिल्याचं सांगितलं. घर कशासाठी पाहिजे, हे विचारलं तेव्हा मात्र तिने भांडण केलं नाही.

"बुडीले कोनं खाटेसकट उचलून रस्त्यावर ठेवू नये म्हून," ती म्हणाली. "आतून कडी लावाले आपलं दार पायजे."

मग पाहणीचा दिवस आला. अर्जदार खरोखर झोपडीत राहतो का हे पाहायला साहेबलोक घरी येणार होते. मी आदल्या दिवशी तिला बजावलं, की घर आहे तसं राहू दे. छपराचं प्लास्टिक, भिंतीची भोकं, सगळं त्यांना दिसू दे. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला भर चौकात पदर पाडायला सांगितलं.

"पाहुने येऊन राह्यले आन मी घर उघडं दाखवू? भिकारीन समजला काय मले?"

आमच्याकडे मुलगी पाहायला पाहुणे येणार असले की अख्खी गल्ली सामान देते. कोणाच्या खुर्च्या, कोणाची चादर, कोणाचे कप. पाहुणे कधी विचारत नाहीत, कारण त्यांच्याही घरचं तसंच जमवलेलं असतं. निरोप मिळाला की देणारा हो-नाही करत नाही. भांडण असलं तरी देतो. गिरजामायने तेच केलं. ती पहिल्यांदाच आमच्या घराचा उंबरा ओलांडून आली आणि माझ्या बायकोकडे दोन खुर्च्या आणि फुलांचे कप मागितले. बायकोने दिले. खुर्च्या मीच नेऊन ठेवल्या. तिथे पाहतो तर सारवण झालेलं, भिंतींना चुना दिलेला, दारात रांगोळी, आणि आत कोणाचं तरी आरशाचं लोखंडी कपाट, टेबलफॅन, कुकर, स्टीलच्या डब्यांची उतरंड. बुडीला इरकली लुगडं नेसवून नव्या चादरीवर टेकवून बसवलं होतं. मी डोक्याला हात लावला.

साहेबांत एक तरुण बाई होती आणि नगरपालिकेचा एक माणूस. बाईने मोबाइलवर फोटो काढले. कपाटाचा काढला, पंख्याचा काढला, गिरजामायला कपाटासमोर उभं करून तिचाही काढला. हे सगळं तुमचंच का, असं तिने हिंदीत विचारलं. "मेरा नहीं तो किसका?" गिरजामाय म्हणाली. मला राहवेना. मी तेलुगूत सांगायला लागलो, की कपाट शेजारचं आहे, खुर्च्या माझ्या आहेत. बाजारातलं तेलुगू गिरजामायला चांगलं कळायचं. ती मला पुरतं बोलूही देईना.

"इसका मत सुनो बाई. इसके बाप से हमारा झगडा है."

बाईने माझ्याकडे पाहिलं, मधल्या भिंतीकडे पाहिलं आणि तिला ते लगेच पटलं. दोघांनी चहा घेतला, चिवड्याची तारीफ केली आणि निघून गेले. परिस्थिती चांगली आहे, असा शेरा पडला आणि गिरजामायचं नाव कटलं.

आता यात माझा दोष काय? पण तिने बाजारभर सांगितलं, की दिगांबऱ्याने तेलुगूत कान फुंकून माझं नाव काढायला लावलं. लोकांना ते खरं वाटलं, कारण आमचं वैर सगळ्यांना ठाऊक होतं. मी उधारी बंद केली. तिने माझ्या दुकानासमोरून जाताना थुंकायला सुरुवात केली.

तशात जिल्हा फुटला. एकाचे चार झाले. फेरतपासणीची अर्जी तिने कोणाकडून तरी लिहवून घेतली होती, ती कुठे आहे हे कोणी सांगेना. जुन्या जिल्ह्याची कचेरी म्हणे, तुमचं गाव आता आमच्यात नाही. आमच्या गावची कचेरी म्हणे, फायली अजून आल्या नाहीत. शिपायापासून कारकुनापर्यंत सगळे तिच्यावर खेकसत आणि ती त्यांच्यावर. इकडे शेटने माणसं पाठवून झोपडीच्या एका बाजूचे तट्टे काढून नेले. थंडीच्या दिवसांत बुडी उघड्यावर आल्यासारखीच झाली. गिरजामायने त्या बाजूला आपली लुगडी बांधली.

एका सोमवारी सकाळी ती दुकानात आली. ओरडली नाही की काही नाही. एवढंच म्हणाली, "चाल." मी का गेलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. दुकान बायकोवर टाकलं आणि तिच्यामागे बसमध्ये चढलो.

नव्या जिल्ह्याला अजून कचेरी नव्हती. एका फंक्शन हॉलमध्ये सगळा कारभार चालला होता आणि दर सोमवारी तिथे लोकांची गाऱ्हाणी ऐकत. ज्या स्टेजवर नवरा-नवरी बसतात तिथे टेबल टाकून अधिकारी बसले होते आणि मागे लग्नातले थर्मोकोलचे मोर तसेच होते. खाली शे-दीडशे माणसं अर्ज धरून उभी. आमची पाळी आली तेव्हा दुपार टळली होती. फाइल एव्हाना तिथे पोचली होती; अधिकाऱ्याने ती उघडून फोटो बाहेर काढले. कपाटासमोर गिरजामाय मान ताठ करून उभी. त्याने फोटो माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, ही झोपडी का?

मी तेलुगूत सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही सांगून उपयोग नाही. या बाईनेच त्या दिवशी सामान माझं आहे असं सांगितलंय, तेव्हा आता तिनेच सांगायला पाहिजे. मी तिच्याकडे वळलो. मागची रांग कान देऊन ऐकत होती. त्यात आमच्या बाजारातलीही दोन-तीन माणसं होती. गिरजामाय त्या मोरांकडे पाहत राहिली. अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं आणि फाइल मिटायला लागला.

"सांग त्याले," ती म्हणाली. आवाज तिचा वाटेना. "त्यातलं काईच माहं नाई. सारं मांगून आनलं होतं. माया घरी एक चूल हाये आन बुडी हाये." मग हळूच म्हणाली, "आन सांगतानी माया तोंडाकडं पाहू नको."

मी खाली मान घालून सांगितलं. एवढ्यावर भागलं असतं. पण त्या माणसाला खात्री करून घ्यायची होती. त्याने थेट तिलाच हिंदीत विचारलं, म्हणजे तुमच्याकडे काहीच नाही?

"कुछ नहीं है साब," गिरजामाय म्हणाली.

तो वाईट माणूस नसेल. नियमाप्रमाणेच वागत असेल. त्याने तिथल्या तिथे सही केली हेही खरं. पण त्या क्षणी मला तो, त्याची फाइल, ते राज्य आणि तो जिल्हा, सगळ्यांचा संताप आला. जी बाई माझ्या बापापुढेही कधी नमली नाही, तिला यांनी दोन खोल्यांसाठी चारचौघांत एवढं बोलायला लावलं. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ती पुढे जाऊन उभी राहिली.

घर मिळालं. गावाबाहेर, मुरमाड माळावर, वरच्या मजल्याचं. पाणी खालून आणावं लागे. बुडीला तिने पाठीवर घेऊन जिने चढवले. दीड-दोन वर्षांनी बुडी तिथेच गेली, आपल्या खोलीत, आतून लावलेल्या कडीमागे. तिला कोणी रस्त्यावर ठेवलं नाही.

गिरजामाय बाजारात बसतच होती. तिथे गेलो की पूर्वी लांबूनच माझ्या नावाचा उद्धार सुरू व्हायचा. आता ती पदर सावरून म्हणे, "काय देऊ भाऊ?" चांगलं निवडून देई, वर मूठभर कोथिंबीर टाकी, डोळे वर करत नसे. असं बरेच दिवस चाललं. मला ते सोसेना. एक दिवस मी मुद्दाम जाऊन तिच्या ढिगातली वांगी उचलून पिशवीत टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "किडके वांगे विकून राह्यली तू, माय. लोकायले फसवून राह्यली."

आजूबाजूच्या बाया वळून पाहू लागल्या. मी वाट पाहत उभा राहिलो. तिने माझ्या पिशवीतली वांगी एकेक करून काढली, टोपलीतली कोवळी, चकचकीत वांगी निवडली आणि भरून दिली. मी पैसे पुढे केले तर माझा हात मागे सारला.

"राहू द्या भाऊ," ती म्हणाली. "तुमी लय केलं आमच्यासाठी."

तिच्या तोंडून मी आयुष्यभर शिव्या खाल्ल्या होत्या. इतकं लागेल असं तिने मला कधी काही म्हटलं नव्हतं.