भिरभिरे सरांचा तुकडा

भिरभिरे सर खुर्चीत बसलेले मी पाहिले नाहीत. रोह्याच्या आमच्या कॉलेजात त्यांच्या खुर्चीवरचं प्लास्टिकसुद्धा कधी निघालं नाही. वर्गात एवढे फिरायचे, की पोरं ओरडायची, "सर, जरा थांबा ना, मान दुखाया लागली हाय!" खरं आडनाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक. ते पदार्थविज्ञान शिकवायचे, मी शेजारच्या वर्गात रसायनशास्त्र. ते चालू लागले की माझ्या कपाटातल्या बाटल्या किणकिणायच्या, शपथेवर सांगतो.

ही सगळी तगमग एका तुकड्यापायी. नायोबियम आणि टायटेनियमचा नखाएवढा मिश्रधातू. द्रवरूप हेलियममध्ये तो असा गारठतो, की वीज त्यातून विनाअडथळा पळते आणि जवळ आलेलं चुंबकत्व तो बाहेर हाकलतो. सरांची पीएच.डी. त्या हाकलण्यावर. आता रोह्यात हेलियम कुठला? इथे मे महिन्यात फ्रिजमध्ये बर्फ जमला तरी आम्ही शेजाऱ्यांना दाखवायला बोलावतो! मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पाळी लागेतो सर नदीवरच्या, अष्टमी गावाकडे जाणाऱ्या पुलावर येरझारा घालायचे. पूल झिजला तो त्यांच्यामुळे. लोक उगाच ट्रकवाल्यांवर आळ घेतात.

एकदा मुंबईहून आले ते धावतच. "अहो, तुकडा चुंबकत्व हाकलतोय, आणि थोडं ठेवूनही घेतोय!"

म्हणजे विनाअडथळा वीज आणि चुंबकत्व, एकाच धातूत दोन हाडवैरी नांदत होते. खरं ठरलं तर जगभर नाव. पेणला सरांच्या सासऱ्यांचा गणपतीचा कारखाना. त्यांनी तडक सत्कार ठरवला, हॉल घेतला आणि त्याआधी आम्हाला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर एक कानस पुढे धरली. "जावईबापूंनी तो धातू आमच्या ह्या कानशीने घासला, बरं का! मूर्तींच्या आतले लोखंडी सांगाडे घासायची ही. आता देवघरात ठेवणार."

सर शाडूसारखे पांढरे पडले. कानशीतलं लोखंड तुकड्याला चिकटलं असेल, तर चुंबकत्व त्या लोखंडाचं!

"सर, सत्कार होऊन जाऊ द्या, मग बघू," मी हळूच म्हटलं.

"आणि मग हार परत करू?"

दुसऱ्या दिवशी, चिकटलेलं लोखंड विरघळावं म्हणून, पातळ ॲसिडात तो तुकडा मीच धुतला. सरांनी हातापाया पडून मुंबईची पाळी मिळवली. सत्काराच्या सकाळी त्यांचा फोन. "चुंबकत्व गेलं. लोखंडच होतं."

तरी पेणला आले. भरल्या हॉलमध्ये शाल बाजूला सारून म्हणाले, "शोध वगैरे काही नाही. कानस उत्तम आहे, वापरणारा गाढव." सासरे जमिनीकडे बघत राहिले. सरांच्या बायको, आमच्या वहिनी, पहिल्या रांगेत. साऱ्या पेणला सांगून बसलेल्या.

परतताना एसटी अर्धी रिकामी, तरी सर दांडी धरून उभे. नागोठण्याजवळ वहिनी सरांकडे वळल्या. म्हणाल्या, "अहो, उद्या बाहेरच्या कुणी ही चूक काढली असती, तर मला माहेरी तोंड दाखवता आलं नसतं. तुम्हीच सांगितलंत, बरं झालं. आता साधा तर साधा, प्रबंध पुरा करा."

केला. त्या प्रबंधाला हार कुणी घातला नाही.

सर गेल्या वर्षी गेले. आता एखादी पोरगी "सर, भारी आलंय!" म्हणत प्रयोगशाळेतून धावत आली, की शाबासकीच्या आधी माझ्या तोंडातून निघतं, "कशाने घासलंस गो?"