डॉक्टरांचा फोन, राऊतांचा हॉल

खासगी गोष्ट चारचौघांत करावी लागली की किस्से साठतात. माझी भाची दर बुधवारी खोलीचं दार लावून, कानात इअरफोन घालून लॅपटॉपवर कुणा ताईंशी पाऊण तास बोलते. समुपदेशन चालू आहे तिचं, व्हिडिओवर. चहा हवा का विचारायला दार वाजवलं तरी चिडते. चिडू दे बापडी. पण वर्ष झालं, तिच्याकडे सांगायला एक किस्सा नाही. माझ्याकडे बघा, पोतंभर! कारण माझं समुपदेशन झालं ते डोंबिवलीत, नव्वदच्या आसपास, शेजारच्या राऊतांच्या हॉलमध्ये, त्यांच्या फोनवर.

आधी आजार सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. शाळा घरापासून चालत सात मिनिटांवर. जानेवारीत एके दिवशी पिठाच्या गिरणीपाशी छाती धडधडायला लागली, हात बधीर, डोळ्यांपुढे अंधारी. वाटलं, मेले मी. पळत घरी आले. ईसीजी नॉर्मल. फॅमिली डॉक्टर म्हणाले, "अशक्तपणा," आणि टॉनिक दिलं. टॉनिक संपलं, भीती नाही. दुसऱ्या दिवशी गिरणीपर्यंत जाववेना, आठवड्यात गेटपर्यंत, पंधरा दिवसांत जिन्यापर्यंतसुद्धा. घरात मात्र नुसती येरझारा. बसले की उठावंसं वाटायचं, उठले की कुठे जाऊ कळायचं नाही.

रजा संपत आली. हेडमिस्ट्रेसबाईंचं पत्र आलं. जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी वर्गावर हजर व्हा, नाहीतर जागा भरली जाईल. कायम होऊन जेमतेम वर्ष झालेलं. ते पत्र मी इतक्यांदा वाचलं की घड्यांवर फाटलं.

माझ्या भावाने ठाण्यातले एक मानसोपचार डॉक्टर शोधले. पण डोंबिवलीहून ठाण्याला जायचं कसं? जिना उतरायची बोंब! शेवटी डॉक्टरच म्हणाले, "मी फोन करतो. मंगळवारी आणि शुक्रवारी, पाच वाजता." आमच्याकडे फोन कुठला? नंबर लावून ठेवलेला, तो यायला अजून युगं होती. मग आम्ही पत्रांवर लिहायचो तो राऊतांचा नंबर दिला. पुढे 'पी.पी.', म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, बोलावून देतील.

*

राऊत काकू बोलवायच्या त्यालाही पद्धत होती. खिडकीच्या ग्रिलवर डाव आपटायचा. दोन ठोके पहिल्या मजल्याला, चार ठोके वरच्यांना, तीन ठोके मला. अख्ख्या बिल्डिंगला ठोके पाठ.

एका मंगळवारी डॉक्टरांचा फोन आला नाही. सव्वापाचला वरच्या मजल्यावरून जोशी वहिनी ओरडल्या, "सावंत बाई, आज डॉक्टर रजेवर का हो?"

मला लाजेने कुठे तोंड लपवू असं झालं. काकू त्यांच्या खिडकीतून शांतपणे म्हणाल्या, "अगं, त्यांनाही माणसं आहेत."

*

पहिला फोन. डॉक्टरांनी आधी विचारलं, "एकट्या आहात ना? मोकळेपणाने बोलता येईल ना?"

मी मान वर केली. समोर काका पेपर वाचतायत. बाजूला काकू परातीत डाळिंब्या सोलतायत. फोन टीव्ही आणि देव्हारा यांच्या मधोमध, आणि वायर एवढीशी.

मी म्हटलं, "हो, एकटीच आहे."

काकांनी पेपरचं पान उलटायला घेतलेलं, ते अर्ध्यावर तसंच धरून ठेवलं. पाऊण तास बिचारा माणूस एकच पान हवेत धरून बसलेला. फोन ठेवल्यावर म्हणाले, "झालं? उलटू का आता?"

*

लाइन इतकी खराब की डॉक्टर ओरडून बोलायचे. हॉलभर ऐकू जायचं. "डोळे मिटा! श्वास आत घ्या! चार आकडे मोजेपर्यंत धरा!"

मी धरला. डोळे किलकिले करून बघते तर काकूंनी धरलेला, काकांनीही धरलेला. दोघांचे डोळे गच्च मिटलेले. तेवढ्यात लाइन खरखरली आणि डॉक्टरांचा 'सोडा' कुणालाच ऐकू आला नाही. काका प्रामाणिक माणूस. लाल झाले, पण सोडेनात. शेवटी असा ठसका लागला की देव्हाऱ्यातली घंटा हलली.

"कोण खोकतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"फोनच खराब आहे हो," मी म्हटलं.

*

क्रॉस कनेक्शन हा प्रकार आता कुणाला सांगूनही कळायचा नाही. तुमच्या बोलण्यात तिसराच कुणीतरी येऊन बसायचा. एका शुक्रवारी मी रडत रडत डॉक्टरांना सांगत होते, "मला गेटबाहेर पाऊल टाकलं की मरणार असंच वाटतं." आणि मधेच एक खणखणीत बाई बोलली, "अगो बाय, कनाला रडतंस गो?"

ठाण्याच्या कोळीवाड्यातली निघाली. सुकी मासळी विकायची, कुणा व्यापाऱ्याला फोन लावत होती. डॉक्टर म्हणाले, "बाई, कृपया लाइन सोडा, इथे पेशंट आहे."

"तू गप रं," ती डॉक्टरांना म्हणाली. "पोर रडतं आन तू आकडे मोजतंस?" मग मला म्हणाली, "माजा नवरा खाडीत गेला तवा मी पन म्हयनाभर दाराच्या भायेर नाय आले. मंग एक दिवस पाटी उचलली न् गेले. पाय कापत व्हते. कापू दिले. पाटी नाय पारली."

आणि लाइन तुटली. तिची नाही, डॉक्टरांची. मी आणि ती दहा मिनिटं बोलत बसलो. पुढच्या मंगळवारी डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या वेळी आपण कुठे थांबलो होतो?" मी म्हटलं, "पाटीपाशी." ते म्हणाले, "तेच घेऊ पुढे."

*

एप्रिलपासून गृहपाठ सुरू झाला. रोज गेटबाहेर दहा पावलं जायचं. भीती वाढेल, वाढू द्यायची, उतरेपर्यंत तिथेच उभं राहायचं, मग परत. दुसऱ्या आठवड्यात वीस पावलं. पुढे विजेचा खांब, मग गिरणी, मग शाळा.

मी खाली उतरले की प्रत्येक गॅलरीत माणूस! काका मनगटी घड्याळ घेऊन गेटपाशी. जोशी वहिनी वरून ओरडायच्या, "बाई, नऊच झाली, एक राहिलं!" घाम माझ्या पाठीवरून वाहतोय आणि वर ही कॉमेंट्री. रागाने मी एकदा अकरावं पाऊल टाकलं. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "राग चालेल. भीतीपेक्षा बरा."

काकू मात्र कधी खाली आल्या नाहीत. "मी खिडकीतून बघते," म्हणायच्या. "इथून सगळं नीट दिसतं."

*

भीतीला दहापैकी मार्क द्यायचे, असाही एक प्रकार होता. डॉक्टर विचारायचे, "काल खांबापाशी उभ्या होतात तेव्हा किती?"

मी म्हटलं, "चार."

समोर काकू परात खाली ठेवून मला बोटं दाखवतायत. नऊ. मी मान हलवली. त्यांनी परत नऊ बोटं नाचवली, चिडून.

"चार," मी म्हटलं, "म्हणजे... नऊ?"

"चार की नऊ?" डॉक्टर वैतागले. "मधे एवढं अंतर आहे सावंत बाई!"

दुसऱ्या दिवशी काकू हळूच म्हणाल्या, "त्यांना विचार ना, रस्त्याच्या मधोमध घेरी आली तर आधाराला धरायचं काय?" पुढच्या फोनला मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला घेरी येते? आधी का नाही सांगितलंत?" आता काय सांगू? मला घेरी येतच नव्हती. त्यांनी सविस्तर उत्तर दिलं. उभं राहायचं, आणि समोर दिसतात त्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची. काकू मन लावून ऐकत होत्या. मला वाटलं, किती माया माझ्यावर.

*

मेमध्ये रस्ता खणला आणि राऊतांचा फोन बंद पडला. शाळा उघडायला तीन आठवडे, मी खांबापर्यंतच पोचलेली, आणि फोन मेलेला. मी वेड्यासारखी घरभर फिरायला लागले. गॅस बंद केला का ते दहादा बघायचे. नवऱ्यावर ओरडायचे, मग त्याची माफी मागायचे, मग माफी मागावी लागली म्हणून परत ओरडायचे.

आमचे हे आंबिवलीच्या कारखान्यात शिफ्टला जायचे. अत्यंत अबोल माणूस. लग्न ठरवायला आले तेव्हाही "पाणी चालेल" एवढंच बोललेले. ते म्हणाले, "मी जाऊन येतो ठाण्याला. तुझ्या जागी." आणि खरंच गेले. माझ्या अपॉइंटमेंटला, माझ्या खुर्चीत!

संध्याकाळी आले. मी दारातच. "काय म्हणाले डॉक्टर?"

"गिरणीपर्यंत जा म्हणाले."

"बस? तासभर होतात ना आत?"

यांनी चपला काढल्या, कोपऱ्यात नीट लावल्या. म्हणाले, "बाकीचा वेळ माझंच झालं."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, या घरात घाबरलेली मी एकटी नव्हते. दुसऱ्या दिवशी मी गिरणीपर्यंत गेले. पण गिरणीच्या पुढे नाही.

*

आणि मग शाळा उघडायचा दिवस. दुपारची शाळा, साडेबाराची. फोन अजून बंदच. हे पहिल्या पाळीला गेलेले. मी बाराला जिना उतरले. गॅलऱ्यांत सगळे उभे, पण त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. गेट. खांब. गिरणी. आणि गिरणीच्या पुढे पाय उचलेना. जानेवारीत जिथे अडकले तिथेच. छाती तशीच, हात तसेच. एकच विचार, परत फिर, परत फिर. नोकरी गेली तर गेली.

मागून आवाज आला. "हं, बोल. काय दिसतंय?"

वळून बघते तर राऊत काकू. घरातली साडी, पदर कमरेला खोचलेला, हात पिठाचे. पायांत काकांच्या चपला, दीडपट मोठ्या. चेहरा पांढराफटक.

"बोल ना," त्या म्हणाल्या. "पाच वस्तू."

"गिरणी," मी म्हटलं. "सायकल. कुत्रं. रेशनची रांग. तुम्ही."

"चल आता."

मी पुढे, त्या मागे. माझ्या पाठीमागे चपलांची फटफट आणि काकूंचा श्वास, आत घेतलेला, धरलेला, सोडलेला. शाळेचं गेट आलं. पहिली घंटा झाली. मला हसू आणि रडू एकदमच आलं. म्हटलं, "काकू, पोचले मी! तुम्ही जा आता घरी."

काकू हलल्या नाहीत. गेटचा गज घट्ट धरून उभ्या. "कशी जाऊ?" म्हणाल्या. "येताना पुढे तू होतीस."

मला कळेना.

"आठ वर्षं झाली गं," त्या म्हणाल्या. "आपल्या गेटबाहेर आज आले. भाजीवाली दारात येते, दळण हे आणतात, लग्नकार्यात गुडघा दुखतो म्हणते. कुणी विचारलंच नाही. बाई घरात असते, त्यात काय विचारायचं?"

दुसरी घंटा झाली. हेडमिस्ट्रेसबाई व्हरांड्यातून बघत होत्या, आधी माझ्याकडे, मग काकूंच्या पिठाच्या हातांकडे. "या कोण?"

"पालक आहेत," मी म्हटलं.

"पालकांना वर्गात बसता येत नाही."

"आजच्या दिवस," मी म्हटलं आणि काकूंचा हात धरून त्यांना चौथी ब मध्ये नेलं. त्या शेवटच्या बाकावर बसल्या, गुडघे बाकात मावेनात. पोरं मागे वळून वळून बघत होती. मी टेबलावर कॅटलॉग उघडला आणि हजेरी घेतली. शेवटचं नाव झालं. कॅटलॉग मिटणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "माझं?"

मी पेन उचललं आणि थांबले. तीन महिने यांच्या हॉलमध्ये बसून मी रडले होते, आणि मला यांचं नाव माहीत नव्हतं. दारावरच्या पाटीवर काकांचं, टेलिफोनच्या डिरेक्टरीत काकांचं.

"काय लिहू काकू?"

"सिंधू," त्या म्हणाल्या. "आणि मोठ्याने घे. मुलांचं घेतलंस तसं."

मी मोठ्याने घेतलं, "सिंधू राऊत."

काकू बाकाला धरून उठल्या, पदर सोडून नीट केला आणि सरळ उभ्या राहिल्या.

"हजर बाई."