खालचं माप

दुपारचं जेवण झालंय. पलंगावर आडवी होते, डोळा लागतोय न लागतोय, तोच पायथ्याशी कुणीतरी बसतं. गादी दबते.

"मॅडम, खालचं राहिलं की."

दिलावर मुजावर. डेअरीतल्या कॉम्प्रेसरवरचे ऑपरेटर. त्यांना जाऊन दीड महिना झाला. हवेची टाकी फुटली तेव्हा ते तिच्या शेजारी उभे होते.

त्या टाकीची तपासणी मी केली होती. माझं कामच ते. पत्र्याला प्रोब टेकवायचा, आतून आवाजाची लहर परत येते आणि पत्रा किती जाड उरलाय ते मीटरवर दिसतं. काही कापायला नको, मोडायला नको. त्या दिवशी सात मापं घेतली. आठवं टाकीच्या पोटाखाली होतं. जमिनीवर झोपून हात घालावा लागला असता, आणि खाली तेल सांडलेलं. मी बाकीच्यांवरून अंदाजानं लिहिलं, सात पॉइंट आठ मिलिमीटर.

"उठताय न्हवं?"

मी उठते. स्वयंपाकघरात जाते, तर ओट्याच्या जागी ती टाकी आहे. अख्खी. कॉम्प्रेसर धडधडतोय आणि खिडकीत माझीच कढीपत्त्याची कुंडी. दिलावरभाई वाकून फरशी पुसतायत.

"झोपा आता. कापडं खराब नाही व्हायची."

मी फरशीवर झोपते, हात आत घालते. खांद्यापर्यंत आत गेला तरी पत्रा लागत नाही. मान वळवते तर आजूबाजूला खुर्च्यांचे पाय आहेत, बूट आहेत. चौकशीची खोली. वरून कुणीतरी वाचतंय, "ऑपरेटरने टाकीत साठणारे पाणी वेळेवर सोडले नाही, त्यामुळे पत्रा गंजला."

चौकशीच्या दिवशी मीही इथेच होते. खुर्चीवर.

"मी रोज सोडत होतो पाणी." दिलावरभाईही शेजारी आडवे झालेत. त्यांचा श्वास मात्र ऐकू येत नाही. "तुम्ही बघितलं होतं."

"बघितलं होतं."

"मग बोलला का नाही?"

"माझं सर्टिफिकेट गेलं असतं, दिलावरभाई."

ते रागावत नाहीत. हळूच म्हणतात, "आमची थोरली म्हणती, अब्बा विसरले असतील."

हाताला पत्रा लागतो. खरबरीत, पापुद्रे सुटलेला. मी बोटांनी ते खरवडते, प्रोब टेकवते. आकडा खाली येत जातो. पाच. तीन. मग थांबतो.

"किती?"

"एक पॉइंट नऊ."

"मोठ्यानं सांगा."

"एक पॉइंट नऊ!"

माझ्याच ओरडण्यानं मला जाग येते. साडेतीन वाजलेत. डोक्यावर पंखा फिरतोय, घरात कुणी नाही. पायथ्याशी चादर चुरगळलेली आहे, पण ती माझ्याकडूनच चुरगळली असेल. उजव्या हाताच्या नखांत गंज आहे. बोटांच्या रेषांतही.

हात धुवायला बेसिनपाशी जाते. नळ सोडते आणि तसाच बंद करते.

टेबलाशी बसून चौकशी अधिकाऱ्यांना लिहिते. आठवं माप मी घेतलंच नव्हतं. मुजावर रोज पाणी सोडत होते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एक प्रत मुजावरांच्या थोरल्या मुलीला. सही करते, तर पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडायला लागतो. उजव्या अंगठ्यानं तो दाबून धरते.

सहीशेजारी तांबूस ठसा उमटलाय. मी दुसरा कागद घेत नाही.