मुलाणी कुठं बसतो

एम.ए.च्या वर्गात आम्ही अकराजण होतो आणि त्यातला शहाणा मी, असं तेव्हा माझं मत होतं. विषय समाजशास्त्र. दुसऱ्या वर्षाला धार्मिक भेदभावाचा एक पेपर होता. मुसलमानांना शहरात खोली कशी मिळत नाही, नाव ऐकून नोकरी कशी हुकते, हे सर शिकवायचे आणि शहरातली पोरं आपापल्या गल्लीतले दाखले द्यायची. मी सेनगाव तालुक्यातल्या खेड्यातून आलेला. गोरेगावपर्यंत जीप, तिथून हिंगोली, आणि पुढं एसटीनं अख्खा दिवस मोडून विद्यापीठ गाठायचं. त्या पोरांपुढं माझ्याकडं सांगायला फारसं काही नसायचं. या पेपराला मात्र माझ्या हातात हुकमाचं पान होतं.

"आमच्याकडं तसलं काही नाही, सर," मी उभं राहून म्हणालो आणि कंदुरीची गोष्ट सांगितली.

आमच्या शेताच्या बांधावर कडुलिंबाखाली एका पिराचं थडगं आहे. आईला मूल होत नव्हतं, तेव्हा आजोबा त्या पिराला नवस बोलले आणि मी झालो. माझं जावळ तिथंच काढलं, आणि तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी माझ्या नावानं तिथं कंदुरी होते. कंदुरी म्हणजे पिराला बोकड आणि गावाला जेवण. बोकड हलाल करायला मुलाणीच लागतो. दुसऱ्याच्या हातचा पिराला चालत नाही. गावात मुलाण्याचं, म्हणजे मुसलमानाचं, एकच घर होतं. आम्ही त्याला मुलाणीमामा म्हणायचो. हिंदूचा नवस, मुसलमानाचा पीर, मुलाण्याची सुरी आणि सगळ्यांची एकच पंगत. सरांनी मला लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. म्हणाले, याच्यावरच लघुप्रबंध लिही.

वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत आमच्या वर्गातला एकुलता एक मुसलमान विद्यार्थी राहायचा. परभणीकडचा, कमी बोलणारा. मेसमध्ये आम्ही रोज समोरासमोर बसून जेवायचो. त्या शहरात मला तेवढा एकच मित्र होता आणि त्यालाही बहुतेक मीच. पहिलं प्रकरण लिहून झालं तसं मी त्यालाच वाचायला दिलं. त्यानं मन लावून वाचलं आणि विचारलं, "मुलाणी कुठं बसतो?"

"कुठं म्हणजे? पंगतीत."

"तुझ्या शेजारी बसला कधी?"

मी आठवायला लागलो. सुरी आठवली, पाण्याची घागर आठवली, पत्रावळीवरचा गरम रस्सा आठवला. कोण कुणाच्या शेजारी बसून किती भाकरी चुरतो, हेसुद्धा आठवलं. मुलाणीमामा मात्र कुठंच बसलेला दिसेना. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुम्हा लोकांना सगळीकडं हेच दिसतं," मी म्हणालो.

त्यानं कागद नीट जुळवून माझ्या हातात दिले. दुसऱ्या दिवसापासून तो लवकर जेवून जाऊ लागला. मी माझ्या वेळेला जायचो तर समोरची जागा रिकामी. वर्गात मान हलवायचा, तेवढंच. चूक माझी होती हे मला तेव्हाच कळलं होतं. पण आमच्या घराण्यात कुणी सरळ माफी मागितल्याचं मी पाहिलेलं नाही. आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर आणू, मग बोलू, अशी मी स्वतःची समजूत घातली. उन्हाळा लागेपर्यंत मी एकटाच जेवलो. एवढ्या गलक्यात एकट्यानं जेवणं फार वाईट. माणूस भराभर गिळतो आणि उठतो.

उन्हाळ्यात घरी कंदुरी ठरली. मी वही घेऊन गेलो आणि या वेळी फक्त मुलाणीमामावर नजर ठेवली. त्यानं थडग्यापुढं मलिदा ठेवून फातेहा दिला, बोकड हलाल केला, सोलला, मटण तोडून दिलं. मग विहिरीवर हात धुऊन झाडाच्या मागच्या अंगाला बिडी ओढत बसला. पातेली उतरली. पहिली पंगत बसू लागली तेव्हा वडिलांनी त्याचा वाटा आणून दिला: मुंडी, कातडं आणि डब्यात रस्सा. त्यानं सगळं फडक्यात बांधलं, मला पाहून हात वर केला आणि गाडीवाटेला लागला. त्याला कुणी जा म्हणालं नाही. बस असंही कुणी म्हणालं नाही. वीस वर्षं हे माझ्या डोळ्यांपुढं होत होतं आणि मी लिहून बसलो होतो, एकच पंगत.

आई वाढत होती. तिला विचारलं, "मामाला जेवायला काहून बसवत न्हाई?"

"तो कवाच बसत न्हाई, बाबा. त्याचा वाटा त्याला बराबर भेटतो."

मी मामाच्या मागं गेलो. ओढ्यापाशी त्याला गाठून तेच विचारलं. त्यानं गाठोडं खाली ठेवलं.

"बसलो होतो की एकदा. तुझ्या जावळाला. तुझ्या आज्यानंच हाताला धरून बसवलं. तर तुझ्या आईकडचे पाव्हणे पत्रावळीवरून उठून राहिले. तू तुझ्या सख्ख्या मामाच्या मांडीवर, डोकं भादरलेलं, रडून राहिला. म्हणलं, एवढ्या नवसाचं लेकरू, याच्या जेवणातून माणसं उपाशी उठाया नको. मीच उठलो. तवापासून वाटा घेतो अन् जातो." मग हसला. "तकलीफ काही न्हाई, बापू. घरी आमी समदे मिळून खातो."

मी उभ्या उभ्या सगळं लिहून घेतलं. शब्द चुकायला नको म्हणून एकदा वाचूनही दाखवलं. प्रश्नावलीत रकाना होता म्हणून वय विचारलं, शिक्षण विचारलं. वय काय, साठ लिही, म्हणाला. तो त्याच्या वाटेनं गेला, मी माघारी आलो. दुसऱ्या पंगतीत माझी जागा धरून ठेवलेली होती. मी जेवलो.

विद्यापीठात परतल्यावर जुनं पान फाडलं, नवं लिहिलं आणि थेट मित्राच्या खोलीवर गेलो. माफी मागितली. "सोड रे," तो म्हणाला आणि पान हातात घेतलं. पहिल्यासारखंच मन लावून वाचलं. जावळाच्या ठिकाणी थांबला, ते परत वाचलं. मला वाटलं, झालं, आता मेसला बरोबर जाऊ. तेवढ्यात त्यानं विचारलं, "मग तू त्यांना माघारी आणलंस?"

"कुठं?"

"पंगतीत."

खरं सांगतो, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ओढ्यापासून झाडापर्यंत शे-दोनशे पावलं असतील. कंदुरी माझ्या नावाची होती. मी त्याला हाताला धरून आणलं असतं तर कदाचित सगळे उठलेही असते. मी तर बसलो असतो.

त्यानं पान परत दिलं. "चांगलं लिहिलंस," म्हणाला आणि टॉवेल घेऊन अंघोळीला गेला. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. परीक्षेपर्यंत आम्ही बोलत होतो, हसतही होतो, पण जेवायला तो लवकरच जायचा.

पुढं मी हिंगोलीच्या एका कॉलेजात लागलो आणि तोच पेपर शिकवू लागलो. घरी या विषयावर बोलणं बंद झालं होतं. शिकायला धाडलं तर घराचीच झाडाझडती घेऊन राहिला, असं वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. तरी पुढच्या कंदुरीला मीच नेट लावला आणि आवतण द्यायला स्वतः मुलाणीमामाच्या घरी गेलो. तो खाटेवर पडून होता. नुसती हाडं राहिली होती. म्हणालो, "मामा, या वेळी माझ्या शेजारी बसायचं. मी आणतो उचलून."

"आता घास उतरत न्हाई, बापू," तो म्हणाला.

मी उठायला लागलो तर त्यानं सुनेला हाक मारली. तिनं ताट आणून माझ्यापुढं ठेवलं. भाकरी आणि वरण.

"बस," मामा म्हणाला. "जेवल्याबिगर जाऊ नको."

मी खाली बसलो आणि एकटाच जेवलो.