पल्याडची केळी

बेबाअक्का आमच्या शेजारी राहायच्या. वयाने आईएवढ्या, पण मैत्री माझ्याशी. मी धुळ्याहून मराठी घेऊन बी.ए. झालो, तेव्हा त्या म्हणाल्या, "इतल्या कविता वाच्यात, एखादी म्हनी दखाड." मला एकही पूर्ण म्हणता आली नाही. त्या हसत सुटल्या.

१९७३चा उन्हाळा. भडगावजवळच्या आमच्या गावातल्या बायका पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर होत्या. मजुरांना पाणी पाजायला सरकारी टँकर मंजूर होता. साहेब येणार असले तरच तो कामावर यायचा. एरवी गिरणा नदीपलीकडे, मुकादम निंबाच्या केळीच्या बागेत रिकामा व्हायचा. बायका नदीच्या वाळूत खड्डा करून गढूळ पाणी प्यायच्या. पोरांना जुलाब लागले होते.

मी जळगावच्या एका साप्ताहिकात नवा होतो. बातमी लिहिली. संपादक म्हणाले, "हे सांगतंय कोण? नाव हवं." नाव द्यायला कुणी तयार नव्हतं. तक्रार करील तिचं नाव हजेरीतून कापू, असं निंबाने सगळ्यांना ऐकवलं होतं. अक्कांचं घरही त्याच मजुरीवर चालत होतं.

"थांब भाऊ," अक्का म्हणाल्या. "अखाजी येऊ दे."

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे नदीच्या दोन्ही काठांवर बायका उभ्या राहतात आणि समोरच्या गावाला गाण्यातून शिव्या देतात. त्या दिवशी कुणी राग मानायचा नसतो. निंबा समोरच्या गावचा. त्या वर्षी दोन गावांमध्ये नुसती वाळू होती. अक्कांनी पदर खोचला आणि आवाज लावला:

"पल्याडनी केय टँकरनं पानी पेस व माय,
आल्याडनी बाई मातीनं पानी पेस व माय.
सायेब उना तं टँकर उना व माय,
सायेब गया तं टँकर केयमा गया व माय!"

आता पलीकडून शिव्या यायला हव्या होत्या. आल्या नाहीत. त्या बायकाही त्याच कामावर होत्या, तेच पाणी पीत होत्या. मग पलीकडून एकीने शेवटची, टँकर केळीत गेल्याची ओळ उचलली. मग सगळ्यांनी. आपल्याच गावच्या माणसावरची ओळ. मी वाळूत उभा होतो. वही काढायचं सुचलं नाही.

निंबा झाडाखाली बसला होता. हसणं भागच होतं. हसला.

मी सणाचं वर्णन लिहिलं, गाण्यासकट.

"नाव घालू, अक्का?"

"घाल. गानं मनं शे."

संपादकांनी छापलं.

थोड्याच दिवसांत इंजिनिअर साहेब न कळवता कामावर आले. हातात अंक. "बेबाबाई कोण?"

टिकाव थांबले. निंबाच्या काखेत हजेरीपट होता.

"मी. अखाजीनं गानं शे सायेब, राग मानानं नही."

"राग नाही. पाणी द्या."

अक्कांनी खड्ड्यातलं पाणी तांब्यात भरून दिलं. साहेबांनी आत पाहिलं. तांब्या खाली ठेवला. मग टँकर दाखवायला निंबालाच जीपमध्ये बसवून नेलं.

दुसऱ्या दिवसापासून टँकर कामावर येऊ लागला. निंबा मुकादम राहिला. अक्कांचं नावही हजेरीत राहिलं.

पुढे एका सकाळी टँकर आला नाही. अक्का तगारी भरता भरता गुणगुणू लागल्या. शब्द नव्हते, नुसती चाल. शेजारची बाई तीच चाल धरून माती ओढू लागली. निंबाने टँकर आणायला सायकल काढली.

"जास व माय, जास! पन अखाजी वरीसमा एकदावच ऱ्हास ना?"

अक्कांनी तगारी डोक्यावर घेतली.

"पेपर दर हप्ताले निंघस, निंबा."